पूज्य साने गुरुजी आणि पंढरीचे महाद्वार



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या स्मरणिकेत संतांची चरित्रे येतील, जुन्या विणेकऱ्यांच्या, टाळकऱ्यांच्या आठवणी येतील. ते सगळे योग्यच आहे. पण मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांचा ना कुठला फड, ना कुठली दिंडी. ते शाळामास्तर होते. पोरांत रमणारे, पोरांना घेऊन गावं झाडणारे, पोरांना गाणी शिकवणारे. तरीसुद्धा पंढरीच्या वाटेवर त्यांचे ऋण माउलींच्या पालखीमागे चालणाऱ्या प्रत्येकावर आहे. ते म्हणजे पूज्य साने गुरुजी.

आधी एक हिशेब मांडतो. आपली दिंडी निघाली तेव्हा विठोबाच्या देवळाचे दार सगळ्यांना मोकळे नव्हते. महार, मांग, चांभार समाजातली माणसं वारी करायची, पायी चालायची, मुखाने तेच नाम घ्यायची. पण पंढरीत आल्यावर महाद्वारात चोखोबांची समाधी आहे तिथवरच त्यांची वारी. पुढे पायरी चढायची नाही. तिथूनच कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. म्हणजे आपल्या दिंडीची पहिली वीसेक वर्षे अशी गेली, की चालताना सगळे एक आणि देवाच्या दारात दोन. हे दार उघडावे म्हणून ज्याने प्राण पणाला लावले त्याचे चरित्र वारकऱ्याने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

गुरुजींचे नाव पांडुरंग. पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी. घराणे खोताचे, पण गुरुजी कळते होईतो खोती नावालाच राहिली होती. कोर्टकचेऱ्या, कर्ज यात सगळे गेले. घरावर जप्ती आली. वडील सदाशिवराव, आई यशोदा. गरिबीत त्या माउलीने जे शिकवले ते पुढे साऱ्या महाराष्ट्राने वाचले, कारण गुरुजींनी ते श्यामची आई या पुस्तकात लिहून ठेवले.

त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. पोरगा अंघोळ करून दगडावर उभा, आणि हट्ट करतो की ओल्या पायाच्या तळव्याला माती लागता कामा नये. आई आपल्या लुगड्याचे ओचे दगडावर पसरते, त्यावर पाय ठेवायला सांगते आणि मग शिकवते, की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला जप. दुसरी गोष्ट म्हाताऱ्या महारणीची. तिची लाकडाची मोळी डोक्यावरून पडली. ती उचलून द्यायला कोणी पुढे होईना, विटाळ होईल म्हणून. आई पोराला म्हणते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन अंघोळ कर. आता बघा, त्या काळच्या बाईला विटाळ सोडता आला नाही, अंघोळ करायला सांगितलीच. पण माणूस खोळंबलेला तिला बघवला नाही. आईने अर्धी वाट चालून दिली. उरलेली अर्धी लेकाने पुरी केली, ती थेट पंढरपुरात.

आई १९१७ साली गेली. गुरुजी तेव्हा शिक्षणासाठी घरापासून लांब होते. पालगड, दापोली, औंध, पुणे असे हाल काढत, कधी अर्धपोटी राहून ते शिकले. बी. ए. झाले, एम. ए. झाले. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला म्हणून खानदेशात अमळनेरला आले आणि १९२४ साली तिथल्याच शाळेत मास्तर झाले. शाळेला जोडून विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. ते गुरुजींकडे आले, आणि माझ्या मते त्यांचे खरे कीर्तन इथूनच सुरू झाले.

त्या वसतिगृहात खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली पोरं. आपल्यासारख्या शेतकऱ्यांची. घर सोडून आलेली, कोणाला शिस्त नाही, कोणाचे अंथरूण पसरलेले, कोणाचे कपडे मळलेले. दुसरा मास्तर असता तर छडी घेतली असती. गुरुजी काही बोलायचे नाहीत. पोरं खेळायला गेली की यांनी खोल्या झाडायच्या, अंथरुणे नीट घालायची, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायच्या, कोणाचे मळके धोतर दिसले की धुऊन वाळत टाकायचे. पोरगा आजारी पडला की उशाशी बसून रात्र काढायची. पोरं आधी हसली. मग लाजली. मग आपापली कामं आपण करू लागली, आणि शेवटी दुसऱ्याचीही करू लागली. तोंडाने सांगितलेले एका कानाने येते नि दुसऱ्याने जाते, हाताने सांगितलेले हातात उतरते. आम्ही कीर्तनकारांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुलांसाठी ते छात्रालय नावाचे एक दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. पहाटे उठून लिहायचे आणि पोरं उठली की वाचायला तयार. देशात काय चालले आहे, थोर माणसे कशी जगली, कुठल्या कवीने काय सांगितले, हे सगळे त्यात. छापखाना नाही, वर्गणी नाही.

अशी सहा वर्षे गेली. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. त्यानंतर पुन्हा कधी पगाराची नोकरी केली नाही. पुढची वीस वर्षे, म्हणजे देह ठेवीपर्यंत, ते स्वयंसेवकच राहिले. घर नाही, संसार नाही, शेतीवाडी नाही. बरीच वर्षे तुरुंगात गेली. धुळे, नाशिक आणि तिकडे लांब तमिळ मुलखात तिरुचिरापल्लीचा तुरुंग. त्या तुरुंगात भारतभरचे कैदी होते. गुरुजी त्यांच्यात बसून तमिळ शिकले आणि कुरळ या त्यांच्या थोर ग्रंथाचे मराठी केले. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, म्हणजे प्रेम वाढेल, हा आंतरभारतीचा विचार त्यांच्या मनात तिथे रुजला.

वारकऱ्यांना विशेष सांगायचे ते धुळ्याच्या तुरुंगाचे. १९३२ सालची गोष्ट. तिथे विनोबाजी कैदेत होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे अठरा रविवार विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. ऐकायला सगळे कैदी, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर उतरवून घेत. त्यातून गीता प्रवचने हा ग्रंथ झाला. आज तो घरोघर आहे. नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली, तोच हा प्रकार. सांगणारा थोर असतोच, पण स्वतःला विसरून लिहून घेणाराही थोर असतो. श्यामची आई हे पुस्तकही तुरुंगातलेच, नाशिकच्या. १९३३ साली पाच दिवसांत त्यांनी ते लिहिले म्हणतात. दिवसा कैद्याचे काम आणि मग लिहिणे.

सुटून आले की परत खेडी. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याआधी अधिवेशने मोठ्या शहरांत व्हायची. खेड्यात भरलेले हे पहिले. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायी हिंडले, माणसे जोडली, तरुण पोरं स्वयंसेवक म्हणून उभी केली. अतिवृष्टीने पिके गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. काँग्रेस नावाचे साप्ताहिक काढून त्यात शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची दुःखे लिहिली.

मग १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले. एस. एम. जोशी दलप्रमुख. गुरुजींकडे हुद्दा कुठलाच नव्हता, पण सेवा दलाच्या मुलांना विचाराल तर त्यांचा जीव गुरुजींपाशी. सेवा दल म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी सांगतो. संध्याकाळी गावातल्या मोकळ्या जागेवर मुलं-मुली जमायच्या. झेंडावंदन, खेळ, कवायत, गाणी, आणि मग कोणीतरी मोठ्याने चार विचाराच्या गोष्टी सांगायच्या. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. मुलगा-मुलगी एका रांगेत. सुट्टीत शिबिरे लागायची. तिथे रस्ता दुरुस्त करायचा, गाव झाडायचे, एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवायचे. कलापथक गाण्यांतून, नाटकांतून तेच सांगायचे. बघा, आपल्या काल्याच्या कीर्तनात आपण सांगतो की कृष्णाने सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि तो काला सगळ्यांनी खाल्ला. सेवा दलाची पोरं तोच काला रोज संध्याकाळी करत होती, आणि गुरुजी त्यांच्यात बसून गोष्टी सांगत होते, गाणी लिहून देत होते. १९४२ च्या लढ्यात यातली कितीतरी पोरं तुरुंगात गेली. गुरुजी भूमिगत राहिले, पुढे पकडले गेले, पुन्हा कैद भोगून आले.

आता येतो पंढरपूरला.

१९४६ साल. देशाचे स्वातंत्र्य दाराशी आले होते. गुरुजींच्या मनाला एकच लागून राहिले, की देश मोकळा होणार आणि देवाचे दार बंदच राहणार? महाराष्ट्राचे हृदय पंढरपूर, आणि त्या हृदयालाच कुलूप? याआधी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह चालला होता. वर्षांमागून वर्षे गेली, दार उघडले नाही. शेवटी त्या समाजाने देवळाची आस सोडली आणि शिक्षणाची, हक्काची वाट धरली. त्यांचे काही चुकले नाही. ज्या दारात अपमान होतो तिथे माणूस किती वेळ उभा राहील? गुरुजींना हे कळत होते. म्हणून ते दार उघडणे हा कोणावर उपकार आहे असे त्यांनी मानले नाही. आपल्याच अंगावरचा मळ आपण धुवायचा आहे, अशी त्यांची भावना होती.

त्यांनी उपोषण करायचे ठरवले. मोठ्या माणसांनी सांगितले की एकदम उपोषण नको, आधी लोकांकडे जा, लोकांचे मत तयार करा. गुरुजींनी ऐकले. मग सेवा दलाची पोरं, गाणी म्हणणारी मंडळी बरोबर घेऊन त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. गावागावांत सभा. गुरुजी बोलायला उभे राहिले की डोळ्यांतून पाणी यायचे, आणि ऐकणाऱ्यांच्याही. शिव्या नाहीत, कोणाचा द्वेष नाही. आणि नुसत्या सभा झाल्या असेही नाही. अनेक गावांत तिथल्या तिथे लोकांनी देवळे उघडली, विहिरी मोकळ्या केल्या, एकत्र पाणी भरले. ज्याच्या गावात पाणवठे वेगळे होते त्यालाच कळेल की हे किती मोठे काम. जमीन नांगरून ठेवल्याशिवाय पेरता येत नाही. त्या दौऱ्यात नांगरट झाली.

तरी पंढरपुरात दार उघडेना. विरोध मोठा होता. विरोध करणारे सगळे वाईट होते असे नाही. पिढ्यान्पिढ्या जे ऐकले तेच धर्म मानणारी माणसे होती. आपल्या वारकरी मंडळींतही दोन तट होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही जण गुरुजींच्या बाजूने, काही कट्टर विरोधात. गुरुजींनी भीमेपार चालते व्हावे अशा घोषणा त्यांच्याविरुद्ध झाल्या. पंढरपुरात उपोषणाला बसायला जागा मिळणे मुश्किल, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ मोकळा केला. वारकऱ्यानेच ती लाज राखली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी.

१ मे १९४७ ला उपोषण सुरू झाले. वैशाखातले ऊन, आणि अंगाने आधीच किरकोळ माणूस. दिवसामागून दिवस जाऊ लागले. त्यातच महात्मा गांधींच्या कानावर वेगळीच हकिकत गेली आणि त्यांनी उपोषण सोडावे असे कळवले. ज्यांना देवाच्या ठिकाणी मानले, ज्यांच्या एका हाकेवर नोकरी सोडली, त्यांचाच निरोप. गुरुजींवर काय प्रसंग आला असेल, विचार करा. पण त्यांनी नम्रपणे आपले म्हणणे कळवले आणि उपोषण चालू ठेवले. गुरूचा मान राखूनही सत्याला धरून राहता येते, हे त्यांनी दाखवले. पुढे दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडवे मंडळींशी बोलणी झाली, त्यांनी मंदिर सर्वांना खुले करायचे मान्य केले, आणि दहाव्या दिवशी, १० मे १९४७ ला उपोषण सुटले. मुंबई सरकारने त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. काही जुन्या लोकांनी त्यानंतर देवळात पाऊल ठेवले नाही. पण ज्यांच्या बापजाद्यांनी चोखोबांच्या समाधीपाशीच डोके टेकवले होते ते पायरी चढून आत गेले. विठोबाच्या पायावर त्यांनी डोके ठेवले. देव काही विटाळला नाही.

आपण कीर्तनात चोखोबांची कथा सांगतो. मंगळवेढ्याला वेस बांधताना दरड कोसळली, चोखोबा खाली सापडले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारात समाधी दिली. ऐकताना सगळे डोळे पुसतात. पण तेव्हापासून सहाशे वर्षे आपण डोळे पुसत राहिलो आणि दार बंदच ठेवले. कथेवर रडणारे पुष्कळ असतात. गुरुजीही रडणारेच होते, लोक त्यांना रडवे म्हणायचे देखील. फरक इतकाच की ते रडून उठायचे आणि कामाला लागायचे.

पुढच्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला. गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक सुरू केले. पण स्वातंत्र्यानंतर जे दिसत होते ते त्यांना सोसेना. जातीजातींतली तेढ, गरिबांचे हाल, सत्तेमागची धावपळ. हळवे मन. जगाचे दुःख आपले मानणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळत नाही. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपवली. वय पन्नास.

हे सांगू नये असे काहींना वाटेल. मला वाटते सांगावे, पण त्याचा गौरव करू नये. नरदेह दुर्लभ आहे असे सगळे संत सांगतात, आणि ते खरे आहे. ज्याने हजारो पोरांचे अश्रू पुसले त्याचे अश्रू पुसायला त्या रात्री कोणी जवळ नव्हते, ही चूक गुरुजींच्या पदरात टाकण्याआधी समाजाने आपल्या पदरात घ्यावी. म्हणून दिंडीत चालणाऱ्या पोरांना माझे सांगणे आहे. पीक बुडाले, कर्ज झाले, मन खचले, तर एकटे बसू नका. शेजारच्या टाळकऱ्याला सांगा. आणि शेजारच्याने टाळ बाजूला ठेवून ऐकावे. ते ऐकणेही भजनच आहे.

शंभर वर्षांच्या या सोहळ्यात गुरुजींचा फोटो लावून हार घालणे सोपे आहे. त्यांच्या चरित्रातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, पंगत. देवळाचे दार कायद्याने उघडले, पण पंगतीचे दार आपल्याच हातात आहे. मुक्कामाला कोणी आपणहून लांब बसत असेल, ताट वेगळे घेत असेल, तर त्याला हाताला धरून मध्ये बसवावे. तो लांब का बसतो, हे त्याला विचारू नये, आपल्याला विचारावे. दुसरी, तरुण पोरं. पोरं वारीला येत नाहीत, मोबाईलमध्ये असतात, ही तक्रार आपण सारखी करतो. पण त्यांना आपण काम देतो का? तंबू ठोकणे, म्हाताऱ्यांच्या पायाला तेल लावणे, पाणी भरणे, मुक्काम हलला की जागा झाडून घेणे, हे काम आधी वडीलधाऱ्यांनी हातात घ्यावे. पोरं बघतील, लाजतील आणि मग पुढे होतील. अमळनेरच्या वसतिगृहात झाले ते आपल्या मुक्कामावर का होणार नाही? तिसरी गोष्ट, हुद्दा. गुरुजींनी आयुष्यभर पोरांचे पुढारपण केले आणि पद एकही घेतले नाही. दिंडीत मानावरून, पुढे कोण मागे कोण यावरून जेव्हा आवाज चढतो, तेव्हा हा कंदिलाच्या काचा पुसणारा एम. ए. झालेला मास्तर आठवावा.

आषाढीला महाद्वारात गर्दीचा लोट असतो. ढकलाढकलीत चोखोबांच्या समाधीकडे बघायलाही सवड मिळत नाही. यंदा तिथे क्षणभर थांबा. आपल्याबरोबर चालणाऱ्यांपैकी कोणाचा तरी आजा, पणजा त्याच जागी थांबला होता, पुढे जाता येत नव्हते म्हणून. आपण पुढे जाऊ शकतो. जाताना चोखोबांना हात जोडा, आणि ज्याने दहा दिवस पोटात अन्न घेतले नाही त्या पालगडच्या पांडुरंगालाही जोडा.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.